मुक्कामाची वही

‘कॅम्पिंग’ या शब्दाला मराठी प्रतिशब्द शोधू लागलो की शब्दांची टंचाई जाणवत नाही, उलट त्यांची गर्दी होते. तळ, पडाव, छावणी, डेरा, राहुटी, पाल, मुक्काम. मात्र यांतला बहुतेक प्रत्येक शब्द कोणाच्या तरी गरजेशी बांधलेला आहे. छावणी सैन्याची, किंवा दुष्काळात गुरांची, तळ पालखीचा, पाल भटक्या जमातींचे, आणि ते तर त्यांचे घरच. चार भिंतींचे घर असताना निव्वळ आनंदासाठी दोन रात्री उघड्यावर काढणाऱ्या माणसांसाठी आपल्या भाषेने निराळा शब्द घडवला नाही, कारण अशी माणसे आपल्याकडे अलीकडेपर्यंत फारशी नव्हतीच. आम्ही आमच्यापुरता ‘मुक्काम’ हा शब्द स्वीकारला. तो अरबीतून आलेला असला तरी वारकऱ्यापासून एस.टी.च्या मुक्कामी गाडीपर्यंत सर्वांनी तो इतका वापरला आहे, की त्यात परकेपणा उरलेला नाही.

आमच्या घरी एक दोनशेपानी वही आहे, तिच्या पुठ्ठ्यावर हाच शब्द लिहिलेला आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी, थोरली मुलगी तिसरीत आणि धाकटा मुलगा बालवाडीत असताना, आम्ही चौघे तंबू घेऊन रोह्याच्या आसपास हिंडू लागलो. रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि शिमग्यानंतर उकाडा सोसवत नाही. त्यामुळे दिवाळी ते होळी एवढाच आमचा हंगाम. प्रत्येक मुक्कामानंतर त्या जागेविषयी पान-दीड पान लिहायचे, असा परिपाठ पडला. पुढे शिक्षककक्षात विचारणा होऊ लागली. मुलांना घेऊन कुठे जाता येईल? पाणी आहे का? रात्री भीती वाटते का? दर वेळी तोंडी सांगण्याऐवजी आम्ही वहीच पुढे करू लागलो. मग तिच्या झेरॉक्स निघाल्या, त्या पेणला, माणगावला, अलिबागला गेल्या. जी वही आमच्या स्मरणासाठी होती, ती दुसऱ्यांना निवड करण्यासाठी उपयोगी पडू लागली. हा बदल किती मोठा आहे, हे मात्र आमच्या लक्षात आले नाही.

आम्ही दोघेही मराठी शिकवतो. आस्वादक समीक्षेच्या मर्यादा दरवर्षी वर्गात सांगतो. समीक्षकाने स्वतःच्या मनावर उमटलेले ठसे म्हणजेच कलाकृती असे समजू नये, हे वाक्य आमच्या टिपणांत कितीतरी वर्षे आहे. आणि तरीही वहीतल्या त्या काळातल्या नोंदी आज वाचल्या, तर त्या अव्वल आस्वादक आहेत. अवचितगडाच्या नोंदीत पहाटेच्या धुक्याला एक संपूर्ण परिच्छेद दिलेला आहे. गडावर प्यायला पाणी कोणत्या महिन्यापर्यंत मिळते, याला अर्धे वाक्यही नाही. कुंडलिकेच्या काठावरची नोंद तर आम्हांला फार आवडत असे. कोलाडच्या वरच्या अंगाला नदी एक वळण घेते, तिथे वाळूचा छोटासा पट्टा आहे. त्या रात्रीविषयी आम्ही लिहिले होते, की इतकी निश्चिंत झोप घरीदेखील लागत नाही. मुलांना नेण्यासाठी याहून चांगली जागा आम्हांला ठाऊक नाही.

ही नोंद वाचून एक कुटुंब तिथे गेले. आमचा जुना विद्यार्थी, आता स्वतः माध्यमिक शाळेत शिक्षक, त्याची पत्नी आणि दोन लहान मुले. जानेवारीतला शनिवार होता. रविवारी दुपारी त्याचा फोन आला. आवाजात राग नव्हता, थकवा होता. सकाळी सातच्या सुमारास नदीचे पाणी चढू लागले. पत्नी चहा ठेवायला उठली होती म्हणून ते दिसले. दोघांनी एकेक मूल उचलले आणि वर धावले. मागे वळून पाहीपर्यंत स्टोव्ह, चपला आणि भांडी गेली होती, तंबूत गुडघाभर पाणी होते. सगळे सुखरूप होते. हे सांगून झाल्यावर तो थोडा थांबला आणि म्हणाला, “सर, एक विचारू? तुम्ही तंबू नेमका कुठे लावला होता?”

या प्रश्नाचे उत्तर देताना जे आठवले, ते सांगण्यासाठीच हा लेख लिहिला आहे.

कुंडलिका ही सह्याद्रीतून उतरून रोह्यावरून रेवदंड्याच्या खाडीकडे जाणारी कोकणातली नदी. कोकणातल्या नद्या एरवी माघ-फाल्गुनापर्यंत डबक्यांपुरत्या उरतात. कुंडलिका वाहती राहते, याचे कारण डोंगरापलीकडे आहे. मुळशीच्या धरणात अडवलेले पाणी बोगद्यांतून आणि नळांतून सह्याद्रीच्या कड्याखाली भिऱ्याला उतरवले जाते. भिऱ्याचे वीजगृह १९२७ साली सुरू झाले. त्या धरणासाठी जमिनी गेल्या, म्हणून १९२१ पासून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह झाला, हे आपण इतिहासात वाचतो. भूगोलाच्या अंगाने त्याचा अर्थ असा, की मुळेचे जे पाणी एरवी भीमेच्या खोऱ्यात जाऊन बंगालच्या उपसागराला मिळायचे, ते वीज करून झाल्यावर कुंडलिकेतून अरबी समुद्राकडे जाते. कोलाडला तराफ्यांतून नदीत उतरण्याचा जो खेळ गेली काही वर्षे चालतो, तो सकाळीच चालतो, कारण पाणी सकाळी सोडले जाते. या नदीला ऋतूंप्रमाणेच विजेच्या मागणीचेही वेळापत्रक आहे. पाऊस नाही, ढग नाही, आणि तरी पाणी चढते.

हे सारे आम्हांला त्या पहिल्या मुक्कामाच्या वेळी ठाऊक होते का? पुस्तकातून ठाऊक होते, पायाखालच्या वाळूशी त्याचा संबंध जोडलेला नव्हता. आणि तरी आम्ही सुखरूप झोपलो होतो. ते कसे, हे विद्यार्थ्याच्या प्रश्नाने आठवले. त्या दिवशी संध्याकाळी आम्ही वाळूवर तंबू उभा करत असताना काठाने एक वयस्कर कातकरी बाबा आले. खांद्यावर जाळे होते. थोडा वेळ आमची धडपड पाहत उभे राहिले आणि म्हणाले, “ओ मास्तर, हितं नको. सकाळचं पानी सुटतंय. वर जावा, त्या करंजापाशी.” आम्ही थोडे कुरकुरलो, कारण वाळू मऊ होती आणि करंजाखाली दगड होते. पण उठलो, खुंट्या उपटल्या आणि वर गेलो. बाबा गेले. आम्ही जेवलो, चांदणे पाहिले आणि गाढ झोपलो. सकाळी उठलो तेव्हा वाळूचा पट्टा पाण्याखाली होता, आणि मुलांनी त्याची गंमत म्हणून नोंद घेतली.

वहीत यांतले काहीच आले नाही. वाळूचा पट्टा आला, चांदणे आले, झोप आली. बाबा आले नाहीत. आम्ही हे जाणूनबुजून लपवले असते, तर निदान त्याला कारण देता आले असते. खरी गोष्ट अधिक साधी आणि अधिक लाजिरवाणी आहे. जाळे घेऊन जाणाऱ्या माणसाने सांगितलेले दोन शब्द म्हणजे ‘माहिती’ असे आम्हांला वाटलेच नाही. त्या रात्रीच्या सुखाचे श्रेय आम्ही जागेला दिले. ते एका माणसाचे होते. जागा तीच राहिली, माणूस दर वेळी तिथे असेलच असे नाही, आणि आमच्या नोंदीवर विसंबून गेलेले कुटुंब नेमक्या त्या माणसाच्या अभावी वाळूवर झोपले.

पुढच्या महिन्यात आम्ही पुन्हा तिथे गेलो. बाबांना शोधायला दोन फेऱ्या लागल्या. भेटले तेव्हा सगळी हकीकत सांगितली. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, “मागं सांगितलं व्हतं की तुम्हांला.” यात टोमणा नव्हता. त्यांना खरोखरच कळत नव्हते, की सांगितलेली गोष्ट पुढे का गेली नाही. मग त्यांनी काठाने चालवत खुणा दाखवल्या. करंजाच्या आणि उंबराच्या उघड्या मुळांत पाचोळा, काटक्या, पिशव्या अडकलेल्या असतात, ती रोजच्या पाण्याची उंची. दगडांवर शेवाळाची रेघ जिथे संपते, ती दुसरी खूण. त्या रेघेच्या वर निदान पुरुषभर जागा सोडून अंथरूण घालावे, सकाळी मुलांना एकटे पात्रात उतरू देऊ नये. एवढे बोलायला त्यांना दहा मिनिटे लागली असतील. आमच्या दीड पानी नोंदीत यांतली एकही ओळ नव्हती.

घरी आल्यावर वही पुन्हा लिहायला घेतली. तेव्हा आठवण झाली ती महानुभावांच्या गद्याची. एम.ए.च्या वर्गात स्थानपोथी शिकवताना विद्यार्थ्यांना कंटाळा येतो, हे आम्ही पाहत आलो आहोत. चौदाव्या शतकातला हा ग्रंथ म्हणजे चक्रधरस्वामी जिथे जिथे राहिले, थांबले, बसले त्या जागांचे वर्णन. देऊळ कोणत्या दिशेला तोंड करून आहे, पटांगण कुठे, कोणत्या बाजूला स्वामींचे आसन होते. जिथे दीर्घ काळ राहिले ते अवस्थान, जिथे रात्र काढली ती वसती, जिथे नुसते बसले ते आसन, असा त्या परंपरेचा काटेकोर भेद. यात भावना कुठे आहे, असे विद्यार्थी विचारतात. आम्ही आजवर भाषेच्या आणि स्थापत्याच्या इतिहासासाठी त्याचे महत्त्व सांगत होतो. आता दुसरे उत्तर सुचते. ही पोथी, जो अजून तिथे पोहोचलेला नाही अशा माणसासाठी लिहिलेली आहे. नंतर येणाऱ्या भाविकाला नेमकी तीच जागा सापडली पाहिजे, त्याने भलत्याच ओट्यावर मस्तक ठेवू नये, ही तिची काळजी आहे. लिहिणाऱ्याचा गहिवर त्याला दिशा दाखवू शकत नाही. भावना आहे, ती या काळजीत आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट लीळाचरित्रात आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी स्वामींच्या आठवणी गोळा केल्या, त्या ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले-ऐकले त्यांना विचारून. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली आणि ती स्मरणातून पुन्हा सिद्ध करावी लागली, तेव्हा कोणता पाठ कोणाचा, याच्या नोंदी नावांसह राहिल्या. हिराइसेचा पाठ म्हणून एका साध्वीचे स्मरण त्या परंपरेने जपले. मराठी गद्याच्या अगदी आरंभीच, कोणी सांगितले हे नोंदवण्याची शिस्त होती. आमच्या शेजारच्या पेण तालुक्यातल्या वरसईचे गोडसे भटजी १८५७ साली उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या वणव्यात सापडले. त्यांच्या ‘माझा प्रवास’मध्येही पुढे काय वाढून ठेवले आहे हे वाटेवर भेटलेल्या माणसांकडून कळत जाते, आणि भटजी त्या माणसांना कथनातून गाळत नाहीत. हे ग्रंथ आम्ही शिकवतो. वही लिहिताना मात्र आम्ही आस्वादक लेखक झालो होतो, आणि प्रवासाला सोबत केलेल्या माणसांना वगळून निसर्ग वर्णिला होता.

आता वहीत प्रत्येक जागेसाठी पाच गोष्टी लिहायच्या असे ठरवले: जाण्याचा काळ, पाणी, जमीन, परवानगी, आणि शेवटची, कोणी सांगितले. या पाचव्या रकान्याने बाकीच्या चारही रकान्यांचे रूप बदलले.

अवचितगडाचे पाहा. रोह्यापासून पाच-सात किलोमीटरवर मेढे गाव, तिथून गर्द रानातून वाट चढते. गड फार उंच नाही, पण झाडी दाट. बुरुजावर शके १७१८ चा, म्हणजे १७९६ सालचा शिलालेख आहे, पाण्याची टाकी आहेत, बारा कोनांचा एक बांधीव तलाव आहे. पूर्वीच्या नोंदीत आम्ही हा गड मुक्कामासाठी ‘अप्रतिम’ म्हटला होता. मेढ्यात गुरे राखणाऱ्या एका मुलाने सांगितले, की रानात ढोरवाटा इतक्या फुटतात, की अंधारात गावातली माणसेही चुकतात. आम्ही चुकलो नव्हतो, कारण आमच्यापुढे त्या दिवशी योगायोगाने गावातलेच दोघे चालत होते. नवी नोंद म्हणते: लहान मुले असतील तर दिवसा जाऊन दुपारी उतरावे, वाटाड्या घ्यावा, विस्तव करू नये, टाक्यातले पाणी उकळल्याशिवाय पिऊ नये, रात्री राहण्याचा विचार असेल तर आधी वनखात्याकडे विचारणा करावी. धुक्याला एक ओळ ठेवली आहे. तेवढी पुरते.

फणसाडच्या बाबतीत उलटे झाले. जंजिऱ्याच्या नवाबाचे हे शिकारीचे रान १९८६ साली अभयारण्य झाले, मुरूड आणि रोहा तालुक्यांत मिळून सुमारे ७० चौरस किलोमीटर. वनविभागाने सुपेगावला तंबूनिवासाची सोय केली. आपला तंबू आपण हवा तिथे ठोकायचा नाही, म्हणून आमच्या जुन्या नोंदीत नाराजी होती. तयार तंबूत झोपणे म्हणजे भाषांतरित कविता वाचण्यासारखे, असे एक वाक्यही लिहून ठेवले होते. आज ते खोडले आहे. तिथल्या पाणवठ्यांना ‘गाण’ म्हणतात, सपाट मोकळ्या जागांना ‘माळ’. उन्हाळ्याकडे गाण आटू लागले, की उरलेल्या पाण्यावर जनावरे येतात. तिथे माणसांनी तंबू ठोकले तर ती तहानलेली परत जातात. हे आम्हांला एका वनरक्षकाने सांगितले. गैरसोय वाटणाऱ्या नियमाला कोणाची तरी तहान हे कारण होते. पहिल्यांदाच मुलांना घेऊन जाणाऱ्या कुटुंबाला आम्ही आता सर्वांत आधी हीच जागा सुचवतो. आगाऊ चौकशी करून जावे, बिबट्या दिसेल असे मुलांना कबूल करू नये, शेकरू मात्र मान वर करून चालले तर बहुधा दिसते.

तिसरी जागा एका आमराईतली. मालकाच्या संमतीने आम्ही तिथे दर वर्षी पौषात जात असू आणि पोपटी लावत असू. रायगडाबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे, की पोपटी म्हणजे मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून, त्यात वालाच्या शेंगा, कांदे, बटाटे, अंडी भरून, मडके उपडे ठेवून भोवती पेंढा-पाचोळा पेटवायचा; पाण्याचा थेंब न घालता शेंगा शिजतात. आमच्या भागाचा मुक्कामाचा उत्सव हाच, तोही शेतकऱ्यांनी शेतात निर्माण केलेला. या जागेच्या नोंदीत ‘विहीर जवळ, पाणी भरपूर’ असे लिहिले होते. झेरॉक्स फिरल्या, कुटुंबे वाढली, मार्चमध्येही येऊ लागली. एकदा विहिरीवर पाणी भरणाऱ्या एका बाईंनी आम्हांला विचारले, “ताई, यंदा तुमच्याकडचे किती जण येनार हायेत?” प्रश्न साधा होता. विहीर वाडीची होती, आणि पौषात भरपूर असलेले पाणी फाल्गुनात मोजून भरावे लागत होते. ‘भरपूर’ हे विशेषण आम्ही आमच्या दोन दिवसांवरून लावले होते.

ही नोंद आम्ही वहीतून काढून टाकली. इतरांना निवड करण्यासाठी लिहायचे, तर एखादी जागा त्यांच्या निवडीतूनच वगळण्याचा अधिकार आम्हांला आहे का, यावर घरात बराच वाद झाला. मुलगी म्हणाली, की मग आपणही तिथे जाऊ नये. तिचे म्हणणे मान्य करावे लागले. गेली तीन वर्षे आम्ही तिथे गेलेलो नाही.

कोणी म्हणेल, एवढ्या किरकोळ टिपणांसाठी इतका विचार कशाला? आता कोलाडच्या आसपास नदीकाठी तंबूंच्या रांगा लागलेल्या असतात, जेवण तयार, गाणी मोठ्याने, सगळे आधी ठरवून घेता येते. असेलही. पण जो माणूस आपले लिहिणे वाचून आपली मुले कुठे झोपवायची हे ठरवतो, त्याच्याइतका श्रद्धाळू वाचक आमच्या कोणत्याही समीक्षालेखाला लाभलेला नाही. आम्ही एखाद्या कादंबरीची अवाजवी स्तुती केली, तर वाचकाचे दोन-तीनशे रुपये आणि एक रविवार जाईल. इथे ते विशेषण खरे मानून कोणी तरी जमिनीला पाठ टेकतो.

तो विद्यार्थी त्या प्रसंगानंतर आणखी कुठे मुक्कामाला जाईल असे वाटले नव्हते. गेल्या डिसेंबरात तो आला आणि सुधारलेल्या वहीची झेरॉक्स मागून घेऊन गेला. जाताना कुंडलिकेच्या नोंदीखाली त्याने स्वतःच्या अक्षरात एक ओळ जोडली. ती नोंद आता अशी आहे:

कुंडलिकेचा काठ, कोलाडच्या वरचे वळण. काळ: मार्गशीर्ष ते माघ. पाणी: नदीचे पिऊ नये, सोबत न्यावे, पाऊस नसतानाही सकाळी चढते. जमीन: वाळूवर झोपू नये, मुळांत अडकलेल्या कचऱ्याच्या रेघेच्या वर, करंजाखाली, दगड वेचून अंथरूण घालावे. परवानगी: वरच्या शेताच्या मालकाला विचारावे. कोणी सांगितले: काठाने मासे धरणाऱ्या बाबांनी, दोनदा. आणि त्याखाली: पाणी सकाळी सातच्या सुमारास आले; हे आम्ही चौघांनी पाहिले.